दुष्काळात वसतिगृह चालू ठेवताना: लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाचं प्रकरण

मार्च २०१६. पदवीच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि मुलींच्या वसतिगृहाचा बोअर आटला होता. वसतिगृह रिकामं करावं आणि मुलींनी आपापल्या गावाहून येऊन परीक्षा द्याव्यात, असा प्रस्ताव व्यवस्थापनापुढं आला. तो प्रस्ताव, त्याच्या जागी झालेला निर्णय आणि पुढच्या वर्षांत त्या निर्णयाचं काय झालं, यांचं हे प्रकरण आहे. मी तेव्हा तिथं भूगोल शिकवत होते आणि वसतिगृहाची रेक्टरही होते. महाविद्यालयाचं नाव देत नाही. अशी स्थिती असलेली अनुदानित महाविद्यालयं मराठवाड्यात प्रत्येक तालुक्यात सापडतील.

विद्यापीठांच्या शाश्वततेची चर्चा मोठ्या परिसरांभोवती फिरते. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ लेण्यांच्या डोंगरापायथ्याशी सातशे एकरांच्या आसपास पसरलंय. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं विष्णुपुरीत पाचशे एकरांहून जास्त जमीन आहे. तिथं झाडं लावायला, बंधारे घालायला जागा आहे आणि ती कामं व्हायलाच हवीत. पण या दोन विद्यापीठांचे बहुसंख्य विद्यार्थी त्या परिसरात पाऊलही न ठेवता पदवी घेतात. ते शिकतात आठ जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत. विद्यापीठ शाश्वत आहे का, हे तिथल्या छतावर, मेसमध्ये आणि संडासात तपासावं लागेल असं मला वाटतं. म्हणून उदाहरणही तिथलंच घेतलं आहे.

त्या उन्हाळ्याची स्थिती

२०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे कोरडे गेले होते. लातूर शहराला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण आटलं. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेची पहिली फेरी आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्याही आल्या. ‘लातूर पॅटर्न’च्या भरवशावर शिकवण्यांसाठी आलेली मुलं खोल्या सोडून परत जाऊ लागली आणि त्याची देशभर बातमी झाली. तालुक्याच्या गावातल्या वसतिगृहांतून मुली परत गेल्या, त्याची बातमी कुठं आली नाही.

आमच्याकडं शंभराच्या आसपास मुली राहत. बहुतेकींची शेती कोरडवाहू, काहींना शेतीच नाही. काहींचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला जात ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतत. त्या वर्षी मात्र कित्येक घरं परतलीच नाहीत. गावात प्यायला पाणी नाही, हाताला काम नाही, म्हणून माणसं तिकडूनच पुणे-मुंबईच्या बांधकामांवर गेली. रिकामं करायचा विषय मुलींच्या कानावर गेला तेव्हा बी.ए. तृतीय वर्षाची एक मुलगी ऑफिसात आली आणि म्हणाली, “मॅडम, घराला कुलूप हाय. मायबाप पुण्याकडं गेलेत कामाला. मी गावात जाऊन राहू कुणाकडं?”

तिची अडचण एकटीची नव्हती. आम्ही खोलीवार यादी केली. घरी कोण आहे, घर परीक्षा केंद्रापासून किती लांब आहे, एस.टी. किती वाजता आहे, गावात टँकर येतो का, एवढंच विचारलं. यादी झाल्यावर व्यवस्थापनाला काही समजावायची गरज उरली नाही. निम्म्याहून जास्त मुलींना परत जायला जागाच नव्हती. आणखी एक गोष्ट यादीत लिहिता येत नव्हती, पण आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे: दुष्काळाच्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून घरी गेलेल्या मुलीचं लग्न ठरतं. एकदा गेलेली मुलगी जूनमध्ये परत येईलच याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं.

पर्यावरण, अर्थ आणि समाज अशी तीन प्रकरणं अभ्यासक्रमाच्या पुस्तकात वेगवेगळी असतात. वसतिगृहात ती एकाच दिवशी दारात आली. पाणी नव्हतं म्हणून टँकर, टँकरचा खर्च मेसच्या पैशातून, आणि तो परवडत नाही म्हणून घरी पाठवायची कुणाला, तर जिला घरच नाही तिला.

निर्णय आणि पाणीवही

प्राचार्यांनी प्रस्ताव फेटाळला. वसतिगृह परीक्षा संपेपर्यंत चालू ठेवायचं, पण पाण्याचा रोजचा हिशोब दाखवायचा, ही अट घातली. त्या अटीतून पाणीवही आली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी ठरलेली वस्तू तीच.

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटरचं मानक धरतात. टंचाईत सरकारी टँकरचा हिशोब माणशी २० लिटरचा असतो. शंभर मुलींसाठी एका टोकाला साडेतेरा हजार लिटर आणि दुसऱ्या टोकाला दोन हजार. आपण या दोन्हींच्या मधे कुठं आहोत, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, कारण वसतिगृहात पाण्याचं मीटरच नव्हतं. मग गच्चीवरच्या टाकीला आतून रंगानं खुणा केल्या आणि दोन मुलींची पाळी लावली. वहीत रकाने होते: स्वयंपाक, पिणं, आंघोळ, कपडे, संडास, फरशी, आणि शेवटचा रकाना ‘कुठं गेलं माहीत नाही’.

पहिल्या आठवड्यात हा शेवटचा रकानाच सगळ्यांत मोठा निघाला. उत्तर सापडलं ते रात्रीच्या नोंदीतून. रात्री दहाला नळ बंद झाल्यावर पातळी पाहायची आणि पहाटे पाचला, कुणी उठायच्या आत, पुन्हा पाहायची. मधे कुणी पाणी वापरलेलं नसतं, म्हणून जो फरक पडेल ती गळती. दोन-तीन संडासांच्या फ्लशच्या टाक्या आतल्या आत आवाज न करता वाहत होत्या. खालच्या टाकीतून वर पाणी चढवताना बॉलकॉक नीट बसत नव्हता आणि जास्तीचं पाणी गच्चीच्या मागच्या पाइपातून थेट गटारात जात होतं. दिवसा ते कुणाला दिसलं नाही, कारण तो पाइप इमारतीच्या मागच्या बाजूला होता. विकत घेतलेल्या टँकरचं पाणी आम्ही गटारात सोडत होतो. दुरुस्तीचा खर्च एका टँकरच्या किमतीपेक्षा कमी आला.

पिण्याच्या पाण्याच्या आर.ओ. यंत्राचीही तीच गत. एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. त्या पाइपाखाली पिंप ठेवलं आणि ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात घ्यायला सुरुवात केली. कपड्यांचं दुसरं-तिसरं पाणी मुलींनी स्वतःच बादल्यांत साठवायला घेतलं.

काटकसर कुठं करायची नाही, हेही पहिल्याच बैठकीत ठरलं. तळमजल्यावरच्या एका न्हाणीघरात कुठलंच मोजमाप लागणार नव्हतं. पाळीच्या दिवसांत मुलींनी पाण्यासाठी कुणाला विचारावं लागू नये म्हणून. मेसच्या मावशींनी हा मुद्दा काढला, पुरुष सभासदांच्या बैठकीत तो कुणाला सुचला नसता. पाण्याच्या काटकसरीचे फलक लावणाऱ्या प्रत्येक संस्थेनं हा विचार आधी करावा असं मला मनापासून वाटतं.

परीक्षा संपेपर्यंत वसतिगृह चाललं. टँकर लागलेच, पण आधीच्या अंदाजापेक्षा बरेच कमी.

छत आणि आड

उन्हाळ्याच्या सुट्टीत भूगोल विभागानं एक साधा गुणाकार केला. आमच्या भागाचा सरासरी पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. एक हजार चौरस मीटर छतावर तेवढा पाऊस पडला तर ७ लाख लिटर. बाष्पीभवन, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं पाणी वगैरे वजा करून ८० टक्के हाती येईल असं धरलं तर ५ लाख ६० हजार. जलदूतच्या पहिल्या फेरीनं शेकडो किलोमीटरवरून जेवढं पाणी आणलं, त्याहून थोडं जास्तच पाणी एका मध्यम आकाराच्या महाविद्यालयाच्या छतावरून दर पावसाळ्यात ओघळून जातं. पाऊस निम्म्यावर आला तरी पावणेतीन लाख लिटर उरतं. शंभर मुलींना माणशी ६० लिटर दिले तर तेवढ्यावर दीड महिना निघतो, आणि सरासरी पावसाच्या वर्षी तीन महिने.

गुणाकार जितका सोपा, तितकी साठवण सोपी नाही. साडेपाच लाख लिटरची टाकी बांधायचे पैसे कुठल्याच अनुदानित महाविद्यालयाकडं नसतात. पाणी जमिनीत मुरवावं तर आपला खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि भेगांत राहतं. खालचा अखंड पाषाण पाणी घेत नाही आणि देतही नाही. म्हणून सातशे-आठशे फुटांचा बोअर लागला तर लागला, नाहीतर धूळ. आणि लागलेला बोअरही वरचे थर कोरडे झाले की एकदम जातो. आमचा तसाच गेला होता. त्यामुळं मुरवलेलं सगळं पाणी आपल्याच विहिरीत परत मिळेल असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. काही भाग मिळतो, काही शेजारच्या शेताला मिळतो.

आवाराच्या कडेला एक जुना दगडी आड होता. संस्थेनं जमीन घेतली त्याच्याही आधीचा. नळ आल्यावर त्याचा वापर बंद पडला आणि त्यात कचरा पडत गेला. तो उपसायचं ठरलं तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं उत्साहानं पुढं आली. त्यांना आत उतरू दिलं नाही. जुन्या विहिरीत विषारी वायू साचतात, प्राणवायू कमी असतो आणि माणसं दगावतात. विहिरी उपसणारी अनुभवी मंडळी मजुरी देऊन बोलावली, विद्यार्थ्यांनी वर आलेला गाळ वाहिला. प्लास्टिक, फुटक्या फरशा, जुन्या बाकांचे लोखंडी पाय आणि त्याखाली पुरुषभर काळा गाळ निघाला. तळाशी मुरूम लागला तेव्हा उपसणाऱ्यांतले एक म्हातारे बाबा म्हणाले, “हिला पाणी हाय, फकस्त वरून द्या.”

छताचे पाइप एकत्र करून दगड, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून आडात सोडले. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर जाईल अशी तोटी ठेवली, कारण त्यात गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण असते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पावसानं झोडपलं आणि एप्रिलमध्ये रेल्वेनं पाणी प्यालेल्या जिल्ह्यात मांजरा भरून वाहिली. आडाला काठोकाठ पाणी आलं.

आडाचा एक फायदा आधी कुणाच्या डोक्यात नव्हता. एक हजार लिटर पाणी ७०० फुटांवरून वर आणायला, मोटार-पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर, जवळपास दीड युनिट वीज लागते. तेच पाणी ५० फुटांवरून आणायला एक दशांश युनिट पुरतं. पाणी वर राहिलं की वीजही वाचते. वीज आणि पाण्याच्या समित्या वेगवेगळ्या असलेल्या संस्थेला हे कधीच दिसत नाही.

भिंतीपलीकडची वस्ती

आड महाविद्यालयाच्या कुंपणात होता, पण त्याच्या पलीकडं मजुरांची वस्ती आहे. तिथल्या म्हाताऱ्या बायांना आठवत होतं की कुंपण होण्याआधी त्या याच आडावरून पाणी नेत. पुढच्या उन्हाळ्यात आडाला पाणी आहे हे कळल्यावर घागरी घेऊन बाया फाटकाशी आल्या. वॉचमननं अडवलं, बोलाचाली झाली.

व्यवस्थापनाची भीती अगदीच निराधार नव्हती. मुलींचं वसतिगृह, बाहेरच्यांची ये-जा, आडाजवळ अपघात झाला तर जबाबदारी कुणाची. दुसऱ्या बाजूनं विचार केला तर त्याच वस्तीतल्या दोन मुली आमच्याकडं शिकत होत्या, मेसच्या मावशी तिथूनच येत होत्या, आणि सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात आम्ही लांबच्या गावात जाऊन जलसंधारणावर पथनाट्य करत होतो. स्वतःच्या भिंतीला लागून असलेल्या घागरी रिकाम्या ठेवून ते करायला माझं मन घेईना, आणि ते मी बैठकीत बोलून दाखवलं.

तोडगा साधा निघाला. कुंपणाच्या भिंतीला बाहेरच्या अंगानं दोन तोट्या बसवल्या. एप्रिल-मे मध्ये सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी पाणी सोडायचं, वेळ आणि वाटप वस्तीतल्या बायांनी ठरवायचं, आडाची पातळी एका खुणेखाली गेली की दोन्हीकडं सारखीच कपात करायची. ती खूण आडाच्या दगडावर पांढऱ्या रंगानं काढली, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर. पाण्याच्या वाटपाचे लेखी करार आम्ही वर्गात शिकवतो. हा करार त्या एका रेघेवर चालला. वस्तीतल्या लोकांनी पुढं आडाभोवती कचरा टाकणं बंद केलं, आणि त्यासाठी आम्हाला एकही फलक लावावा लागला नाही.

पैसा आणि खातं

इथं बहुतेक संस्था अडतात. नवीन वस्तू घ्यायला निधी मिळतो, जुनी सांभाळायला हिशोबात लेखाशीर्षच नसतं. गाळणी बांधायला पैसे मिळाले, पण तिची वाळू दर वर्षी बदलायचे पैसे कुठून द्यायचे, हा प्रश्न लेखापालांनी विचारला आणि तो रास्त होता.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये प्रत्येक महाविद्यालयाला महाविद्यालय विकास समिती आहे. त्या समितीकडून ठराव घेतला: मागच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा वीज आणि टँकरचा खर्च जेवढा कमी येईल, त्याचा ठरावीक भाग वेगळ्या खात्यात जमा करायचा. त्या खात्यातून फक्त तीन गोष्टी होतील: पाणी-वीज यंत्रणेची देखभाल, गळती काढणारा प्लंबर, आणि टंचाईच्या वर्षी अडलेल्या मुलींच्या मेसचा खर्च. वाचलेला पैसा एरवी सर्वसाधारण खर्चात विरघळून जातो आणि पुढच्या वर्षी वाचवायची कुणाला गरज वाटत नाही. या खात्यामुळं वाचवणाऱ्यांना त्याचं फळ दिसू लागलं.

प्रवेशद्वाराजवळच्या हिरवळीवर त्याच बैठकीत वाद झाला. उन्हाळ्यात एका चौरस मीटर हिरवळीला रोज पाच-सात लिटर पाणी लागतं. चारशे चौरस मीटरची हिरवळ म्हणजे सुमारे चाळीस मुलींचं रोजचं पाणी. हे गणित फळ्यावर मांडल्यावर हिरवळ गेली आणि तिथं कडुनिंब, करंज, बहावा लावले. न्हाणीघराचं सांडपाणी कर्दळीच्या वाफ्यातून त्या झाडांना जातं, उरलेलं शोषखड्ड्यात. शोषखड्ड्याची गोष्ट आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाकडून उचलली. त्या गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास दोन्ही घालवले होते. मेसच्या खरकट्यावर छोटा बायोगॅस बसवला आहे. त्यावर चहा आणि भात होतो, त्याहून जास्त अपेक्षा नाही.

झाडांची, खताची आणि पाण्याच्या नोंदींची कामं ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या मुला-मुलींकडं दिली. आधी या योजनेतली मुलं ग्रंथालयात पुस्तकांवरची धूळ झटकत. आता त्यांना मजुरीबरोबर एक कौशल्यही मिळतं. त्यांतल्या एकानं पुढं ठिबक सिंचनाचं दुकान काढलं, हे सांगताना मला आजही आनंद होतो.

वर्गात काय बदललं

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर, आणि पुढं विद्यापीठ अनुदान आयोगानं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिल्यावर, पर्यावरण हा पदवीचा सक्तीचा विषय झाला. त्याचा प्रकल्प अहवाल हा बहुतेक ठिकाणी नकलून आणलेल्या पानांचा गठ्ठा असतो. आम्ही विषय बदलला. प्रत्येकीनं आपल्या गावातल्या एका विहिरीची पातळी दिवाळीला आणि होळीला मोजायची, गावात किती बोअर आहेत आणि किती चालू आहेत हे विचारून लिहायचं, घरातल्या पाण्यासाठी कोण किती वेळ चालतं ते लिहायचं. नकलायला काही शिल्लक राहिलं नाही. वर्षानुवर्षांच्या या नोंदींतून तालुक्याच्या भूजलाचं एक चित्र तयार झालं आहे, आणि टंचाई आराखड्याच्या वेळी काही ग्रामपंचायतींनी ते मागून नेलं.

नवीन शैक्षणिक धोरणानुसार आता पदवीत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. ही मोठी संधी आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठानं रुंद वरंबा सरी पद्धत (रुंद वाफ्यावर पेरणी, कडेच्या सऱ्यांत पाणी) शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेली, तसं कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना आपल्या गावाचा पाण्याचा आणि विजेचा जमाखर्च मांडायला शिकवता येईल. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचं वीजबिल वाचता आलं तर ती पदवी गावाच्या कामाची.

पुढच्या दोन कसोट्या

२०१८ चा पावसाळा पुन्हा फसला. २०१९ च्या उन्हाळ्यात आडाची पातळी एप्रिलच्या मध्यावर पांढऱ्या रेघेखाली गेली. कपात झाली, वस्तीत आणि वसतिगृहात सारखी. मे मध्ये टँकर घ्यावे लागले. वसतिगृह बंद करायचा विषय मात्र कुणी काढला नाही आणि मेसच्या खर्चाला त्या खात्यानं हात दिला.

२०२३ मध्ये पाऊस कमी झाला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आड फेब्रुवारीतच खाली गेला. पाऊस कमी होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. मधल्या काळात गच्चीवर सौर पॅनल बसले होते. निर्णय चांगला होता: आपल्याकडं एक किलोवॅट क्षमतेमागं दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, ५० किलोवॅटची यंत्रणा वर्षाला सत्तर हजार युनिटच्या आसपास वीज देते, आणि मे महिन्यात सुट्टीमुळं शिल्लक राहिलेली युनिट नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे वीज कंपनीला दिलेली वीज बिलातून वळती करायच्या सोयीत, पुढच्या महिन्यांत वापरता येतात. पण पॅनलचे खांब उभे करताना पाण्याचा मुख्य पाइप सरकवला गेला आणि त्याचं तोंड गटाराकडं तसंच राहिलं. ऊर्जा समितीला पाण्याचा पाइप दिसला नाही, पाणी समिती तोवर कागदावर उरली होती. आड आणि गाळणी मनापासून सांभाळणारे शिपाईमामा निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरली गेली नव्हती. सेवा योजनेचं काम तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या, प्राध्यापकाकडं होतं, ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथं असू का हे माहीत नव्हतं.

मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा वाटतो. माणसंच टिकत नसतील तर पाइप टिकत नाहीत. मराठवाड्यातल्या विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना शाश्वत व्हायचं असेल तर रिक्त पदं आणि तासिका तत्त्वावरची नेमणूक हा शाश्वततेचाच प्रश्न म्हणून मांडावा लागेल. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेसाठी, म्हणजे नॅकसाठी, ऊर्जा, हरित आणि पर्यावरण अशी तीन लेखापरीक्षणं होतात आणि फाइली तयार होतात. त्या फाइलींतल्या छायाचित्रांत पाइप दिसतो, त्याचं दुसरं टोक दिसत नाही.

दुरुस्ती झाली. आता दोन्ही समित्या एक केल्या आहेत. मृगाच्या आधी प्राचार्य, लेखापाल, प्लंबर, मेसच्या मावशी आणि विद्यार्थी प्रतिनिधी छतापासून आडापर्यंत पाइपाबरोबर चालत येतात आणि वहीत सही करतात. ही फेरी महाविद्यालयाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत छापलेली असते.

विद्यापीठाच्या पातळीवर

संलग्नीकरणाच्या तपासणीत ग्रंथालयातली पुस्तकं, वर्गखोल्यांची मापं, प्रयोगशाळेतली उपकरणं मोजली जातात. वसतिगृह असलेल्या प्रत्येक महाविद्यालयाला आणखी एक प्रश्न विचारावा: मे महिन्यात माणशी किती लिटर पाणी आहे आणि ते कुठून येतं? पाणीवही दाखवा. एवढ्या एका प्रश्नानं जे होईल ते शंभर वृक्षारोपणांनी होणार नाही असं माझं ठाम मत आहे. टंचाईग्रस्त तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कात माफी मिळते, २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफीही आहे. दोन्ही निर्णय मोलाचे आहेत. पण शुल्क माफ झालेल्या मुलीला राहायला पाणी असलेली खोली मिळाली नाही तर ती माफी कागदावरच राहते. दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांत उन्हाळी परीक्षा थोड्या आधी घेणं, वसतिगृहांसाठी पाण्याचा स्वतंत्र निधी ठेवणं आणि जवळच्या महाविद्यालयांनी एकमेकांच्या मुलींना सामावून घेणं, हे विद्यापीठाच्या अधिकारात आहे आणि त्याला मोठा पैसा लागत नाही.

आमच्याकडचं काम पूर्ण झालेलं नाही. मुलांच्या वसतिगृहाचं छत अजून जोडलेलं नाही, त्याचा उतार आडाच्या उलट दिशेला आहे आणि पाणी आणायला आवार ओलांडून पाइप टाकावा लागेल. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं सांडपाणी सध्या वेगळ्या बंद टाकीत सोडतात, पण ती टाकी भरल्यावर त्याची रीतसर विल्हेवाट कशी लावायची यावर निर्णय झालेला नाही. आडाच्या इतक्या जवळ ते पाणी चुकूनही मुरता कामा नये. वस्तीकडच्या तोट्या दोनाऐवजी चार कराव्यात अशी बायांची मागणी आहे. हे तिन्ही विषय विकास समितीच्या येत्या बैठकीत आहेत, आणि खात्यात सध्या जेवढी शिल्लक आहे त्यातून पहिल्यांदा तोट्यांचं काम निघेल.